विश्लेषण : ट्राम गेली, नीलांबरीही गेली... आता मुंबई दाखवतो कोण?

उघड्या छताच्या दुमजली बसमधून रोषणाईतली दक्षिण मुंबई पाहण्याची सोय २०२३ मध्ये बंद झाली. त्याच काळात शहर पाहण्याचे वेगळेच प्रकार रुजले. जीपमधून वारसा सफारी, न्यायालय आणि महापालिकेच्या इमारतींतील मार्गदर्शित फेऱ्या, धारावीच्या गल्ल्या, ओहोटीच्या वेळी खडकांवरची भटकंती, खाडीतील रोहित पक्ष्यांची बोटफेरी असे अनेक पर्याय आज आहेत. पण शहर 'दाखवणे' हा धंदा झाला, की ते कोणाच्या नजरेने दाखवले जाते आणि त्यातून कोणाला काय मिळते, हे प्रश्नही येतात.

'नीलांबरी' काय होती, ती बंद का झाली?

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ (एमटीडीसी) आणि बेस्ट यांनी २६ जानेवारी १९९७ रोजी 'नीलांबरी' ही उघड्या छताची दुमजली बस पर्यटकांसाठी सुरू केली. गेटवे ऑफ इंडियापासून निघून मंत्रालय, मरीन ड्राइव्ह, ओव्हल मैदान, राजाबाई टॉवर, हुतात्मा चौक, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, महापालिका मुख्यालय, एशियाटिक सोसायटी असा फेरफटका ती मारत असे. ही फेरी प्रामुख्याने संध्याकाळी असे, कारण खरे आकर्षण दिव्यांनी उजळलेल्या इमारतींचे होते. पुढच्या काळात वरच्या मजल्याचे तिकीट १५० रुपये, तर खालच्या मजल्याचे ७५ रुपये होते. मुंबईत राहूनही ज्यांनी या इमारतींकडे कधी मान वर करून पाहिले नव्हते, अशा कुटुंबांना हा खर्च परवडणारा होता.

सार्वजनिक वाहतुकीच्या बसचे वय १५ वर्षे झाले की ती सेवेतून काढावी लागते. या नियमानुसार १५ सप्टेंबर २०२३ रोजी बेस्टची शेवटची डिझेल दुमजली बस धावली आणि ५ ऑक्टोबर २०२३ रोजी उघड्या छताची शेवटची बस. १९३७ पासून मुंबईच्या रस्त्यांवर असलेल्या डिझेल दुमजली बसचा प्रवास असा संपला. बेस्टच्या ताफ्यात आता विजेवरच्या दुमजली बस आहेत. त्या वातानुकूलित आणि चोहोबाजूंनी बंद आहेत. रोजच्या प्रवाशाला हे सुखाचे आहे. पण वारा अंगावर घेत, झाडांच्या फांद्या चुकवत इमारतींची शिल्पे जवळून पाहण्याची नीलांबरीची मजा काचेआडून मिळत नाही.

'ट्रॉली' आणि मुंबईचे नाते काय?

वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या दांड्याच्या टोकाला असलेल्या चाकावरून 'ट्रॉली' हा शब्द वाहनाला चिकटला. अमेरिकेत ट्रामलाच ट्रॉली म्हटले जाऊ लागले. आज तिथल्या अनेक शहरांत 'ट्रॉली टूर' नावाने चालणारे वाहन मात्र बहुधा ट्रामसारखे सजवलेली बसच असते. लाकडी बाक, पितळी दांडे, घंटा हे सगळे असते. रूळ तेवढे नसतात.

मुंबईने ट्राम आणि ट्रॉलीबस ही दोन्ही वाहने पाहिली आहेत. ९ मे १८७४ रोजी घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी हे सुरुवातीचे मार्ग होते. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली आणि १९२० मध्ये दुमजली ट्राम. रस्त्यांवर मोटारी आणि बस वाढल्या तशी ट्राम अडथळा वाटू लागली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली. तारेवरची वीज घेऊन रबरी चाकांवर धावणारी ट्रॉलीबस १९६२ मध्ये गवालिया टँक ते माझगाव गोदी या मार्गावर सुरू झाली, पण १९७१ मध्ये तीही बंद पडली.

हुतात्मा चौकातील फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या काळात जमिनीखाली ट्रामचे जुने रूळ सापडले, तेव्हा ते पाहायला लोक आवर्जून थांबले. जे वाहन वाहतुकीला अडचण म्हणून काढले, त्याचे अवशेष आज वारसा ठरतात. डिझेल दुमजली बसबाबतही हेच घडले. शेवटच्या फेऱ्यांना मुंबईकरांनी हार-तुऱ्यांसह गर्दी केली.

इतर शहरांनी जुन्या वाहनांचे काय केले?

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोत १८७३ पासून चढाच्या रस्त्यांवर केबल कार चालते. रस्त्याखालून सतत फिरणाऱ्या पोलादी दोराला चिमट्यासारख्या यंत्राने पकडून ती चढ चढते. १९४७ मध्ये महापौरांनी ती बंद करून बस चालवण्याचा प्रस्ताव मांडला. फ्रीडेल क्लुसमन या महिलेच्या पुढाकाराने नागरिकांनी मोहीम उभारली, प्रश्न मतदानाला गेला आणि मतदारांनी केबल कारच्या बाजूने कौल दिला. १९६४ मध्ये, म्हणजे मुंबईने ट्राम मोडीत काढली त्याच वर्षी, तिला अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला.

कोलकात्याची गोष्ट अजून सुरू आहे. तिथे १८७३ मध्ये घोड्यांची आणि १९०२ मध्ये विजेची ट्राम आली. एस्प्लनेडला जुन्या डब्यात 'स्मरणिका' हे छोटे संग्रहालय आहे. २०२० मध्ये एका ट्राममध्ये वाचनालयही सुरू झाले. मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने मैदान ते एस्प्लनेड हा पट्टा वारसा फेरी म्हणून ठेवून बाकीची ट्राम बंद करण्याचा इरादा जाहीर केला. ट्रामप्रेमींचा आक्षेप नेमका यावर आहे. ट्राम हे धूर न सोडणारे, स्वस्त वाहन आहे. तिला सहलीचे खेळणे करून ठेवणे म्हणजे तिला वाचवणे नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे. हा वाद कलकत्ता उच्च न्यायालयातही गेला.

'मुंबई दर्शन'चा साचा का बदलला?

वर्षानुवर्षे 'मुंबई दर्शन' म्हणजे सकाळी बसमध्ये बसायचे, गेटवे, वस्तुसंग्रहालय, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, हाजी अली, जुहू चौपाटी अशी ठिकाणे करत रात्री उतरायचे. वाटेत सिनेतारकांचे बंगले लांबूनच दाखवले जात. गावाहून आलेल्या पाहुण्यांसाठी हा प्रकार आजही चालतो. पण वाहतूक कोंडीमुळे दिवसातला बराच वेळ बसमध्येच जातो आणि प्रत्येक ठिकाणी जेमतेम फोटोपुरती उसंत मिळते.

त्यामुळे गेल्या दहा-पंधरा वर्षांत दुसरा साचा पुढे आला. ठिकाणे कमी, गोष्टी जास्त. भरत गोठोसकर यांच्या 'खाकी टूर्स'ने पायी फेऱ्यांबरोबर उघड्या जीपमधून 'अर्बन सफारी' सुरू केली. जंगलात वाघ शोधावा तसे इथे इमारतींवरील शिल्पे, जुनी नावे, कोनशिला शोधायच्या, अशी ही कल्पना. एका चौकात अर्धा तास थांबून त्या चौकाचाच इतिहास ऐकायचा, हे जुन्या 'दर्शना'त शक्य नव्हते.

याला जागतिक मान्यतेचीही जोड मिळाली. घारापुरीच्या लेणी १९८७ मध्ये, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ मध्ये आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. मैदानाच्या एका बाजूला एकोणिसाव्या शतकातील न्यायालय आणि विद्यापीठ, तर दुसऱ्या बाजूला विसाव्या शतकातील आर्ट डेको शैलीची घरे. दोन शतकांचे हे समोरासमोर उभे राहणे पायी फिरल्याशिवाय लक्षात येत नाही.

सरकारी इमारतींची दारे कशी उघडली?

मुंबईतील अनेक देखण्या इमारती या रोजच्या वापरातील कचेऱ्या आहेत. त्यामुळे त्या बाहेरूनच पाहायच्या, असा रिवाज होता. जानेवारी २०२१ मध्ये महापालिका मुख्यालयात शनिवार-रविवारी मार्गदर्शित फेरी सुरू झाली, कारण त्या दिवशी कार्यालयीन वर्दळ नसते. ही इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखली आणि १८९३ मध्ये ती पूर्ण झाली. रस्त्यापलीकडचे टर्मिनसही त्यांचेच. तिथेही वारसा दालन आणि इमारतीचा काही भाग ठरावीक वेळेत पाहता येतो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातही अशी फेरी सुरू झाली. कर्नल जेम्स फुलर यांनी आखलेली ही इमारत १८७८ मध्ये पूर्ण झाली. इथल्या मध्यवर्ती न्यायदालनात १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि त्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शिक्षेच्या वेळी टिळकांनी काढलेले उद्गार कोरलेला फलक १९५६ मध्ये तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या हस्ते त्याच दालनाबाहेर लागला. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली, त्यानेच तो निर्णय इतिहासात कसा पाहिला जावा हे भिंतीवर लिहून ठेवले. पुस्तकात वाचलेला हा प्रसंग त्या दालनात उभे राहून ऐकणे हा वेगळाच अनुभव असतो.

गाइड सांगतो ते सगळे खरे असते का?

नाही, आणि चांगला गाइड ते स्वतःच सांगतो. उच्च न्यायालयाच्या इमारतीवर एक डोळा झाकलेल्या, हातात तराजू धरलेल्या माकडाचे शिल्प आहे. न्यायालयात दावा हरलेल्या एका उपकंत्राटदाराने सूड म्हणून ते बसवले, अशी गोष्ट सांगितली जाते. शिल्प खरे, पण त्यामागची कथा ऐकीव आहे. राजाबाई टॉवरचेही तसेच. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून तो उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव दिले, हे नोंदलेले आहे. दृष्टी गेलेल्या आईला सूर्यास्तापूर्वी जेवता यावे म्हणून घंटेची सोय केली, ही मात्र दंतकथा म्हणून ऐकायची गोष्ट.

शहराच्या फेऱ्यांमध्ये किस्सा विकला जातो, पुरावा नाही. समाजमाध्यमांवर तोच किस्सा ध्वनिचित्रफितीतून फिरतो आणि वर्षभरात तो 'इतिहास' होतो. म्हणून 'असे म्हणतात' आणि 'अशी नोंद आहे' यातला फरक सांगणारा गाइड शोधावा.

धारावीची फेरी : ओळख की गरिबीचे प्रदर्शन?

सर्वाधिक वाद याच फेरीवर आहे. ब्राझीलमधील रिओ शहरात फावेला नावाच्या वस्त्यांतून पर्यटक नेले जातात. त्या धर्तीवर २००६ मध्ये 'रिअॅलिटी टूर्स'ने धारावीत फेऱ्या सुरू केल्या. 'स्लमडॉग मिलेनिअर' चित्रपटानंतर परदेशी पर्यटकांचा ओघ वाढला. २०१९ मध्ये पर्यटकांच्या पसंतीवर आधारित एका जागतिक संकेतस्थळाच्या यादीत ही फेरी देशातील सर्वाधिक पसंतीचा अनुभव ठरली होती.

विरोधकांचा सवाल साधा आहे. दुसऱ्याच्या दारात उभे राहून त्याचे दारिद्र्य बघण्याचे पैसे का मोजायचे? समर्थकांचे उत्तर असे, की या फेरीत दारिद्र्य नव्हे, उद्योग दिसतो. प्लास्टिकचा पुनर्वापर, चामड्याच्या वस्तू, शिवणकाम, खाद्यपदार्थ आणि सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांचा कुंभारवाडा. या गल्ल्या पाहून आलेल्याच्या मनातले 'झोपडपट्टी' या शब्दाचे चित्र बदलते, असा दावा असतो. फेरीत छायाचित्रांना बंदी, गट लहान, बरेच गाइड वस्तीतलेच आणि नफ्यातील ८० टक्के भाग वस्तीतील शिक्षण व अन्य कामांसाठी, असे नियम असल्याचे ही संस्था सांगते. त्यांची नक्कल करणारे सगळेच हे नियम पाळतात असे नाही.

आता प्रश्नाला आणखी एक पदर आहे. धारावी पुनर्विकासासाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाची निविदा सरस ठरली आणि राज्य सरकारच्या भागीदारीतील कंपनीमार्फत काम सुरू झाले. कोण पात्र, कोण अपात्र आणि घरातच चालणाऱ्या उद्योगांना जागा कुठे, यावर रहिवाशांत अस्वस्थता आहे. पर्यटक ज्या कामाचे कौतुक करून जातात, तेच काम उद्या तिथे असेल का, हे आज कुंभारवाड्यातला कारागीरही खात्रीने सांगू शकत नाही.

भरती-ओहोटीवर चालणाऱ्या फेऱ्या कोणत्या?

मुंबईतील दोन अनुभवांचे वेळापत्रक घड्याळ नाही, समुद्र ठरवतो. पहिला ठाणे खाडीतील रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो दर्शनाचा. २०१५ मध्ये अभयारण्य घोषित झालेल्या आणि २०२२ मध्ये रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत गेलेल्या या खाडीत साधारण नोव्हेंबर ते मे या काळात हे पक्षी मोठ्या संख्येने येतात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात. पाणी फार उतरले तर बोट चालत नाही आणि चिखलाचा पट्टा पुरता बुडाला तर पक्षी तिथे थांबत नाहीत. त्यामुळे फेरीची वेळ रोज बदलते.

दुसरा अनुभव ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावरील भटकंतीचा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमाने हाजी अली, गिरगाव, जुहू अशा ठिकाणी नागरिकांना नेऊन खेकडे, समुद्रफुले, शंख, समुद्री गोगलगायी आणि प्रवाळही दाखवले. ज्या पाण्याला सगळे केवळ सांडपाणी समजत होते, त्यात इतके जीवन आहे हे अनेकांना तेव्हा कळले. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या काही वसाहती दुसऱ्या जागी हलवाव्या लागल्या. किनाऱ्यावर फिरलेल्या नागरिकांना त्या बातमीचा अर्थ लगेच कळला.

रोहित पक्ष्यांवरही संकट आहेच. मे २०२४ मध्ये घाटकोपर परिसरात विमानाची धडक बसून तीन डझनांहून अधिक रोहित मरण पावले. नवी मुंबईतील पाणथळ जागा बुजवण्यावरून पर्यावरणप्रेमी आणि यंत्रणा यांच्यात संघर्ष सुरू असतो. बोटीतून पक्षी पाहिलेला माणूस पाणथळ जागेला 'पडीक जमीन' म्हणायला कचरतो. अशा फेऱ्यांचे खरे मोल तिकिटाच्या पलीकडे आहे ते इथे.

स्थानिकांना आणि मराठीला काय मिळते?

ससून गोदीत पहाटे मासळीचा लिलाव पाहायला पर्यटक जातात. महालक्ष्मीच्या पुलावरून धोबीघाट पाहतात. डबेवाल्यांचे काम पाहायला चर्चगेट स्थानकाबाहेर थांबतात. या तिन्ही ठिकाणी पर्यटक जे 'पाहतो' ते कुणाचे तरी कामाच्या घाईचे तास आहेत. लिलावाच्या वाटेत उभा राहणारा पाहुणा कोळणीच्या दृष्टीने अडचणच असतो. फेरीचे पैसे आयोजकाला आणि गैरसोय काम करणाऱ्याला, असे चित्र टाळायचे तर त्या कष्टकऱ्यांनाच गाइड म्हणून पुढे आणणे, त्यांच्याकडून खरेदी करणे, त्यांची परवानगी घेणे हे मार्ग आहेत.

दुसरा मुद्दा भाषेचा. खासगी फेऱ्यांपैकी बऱ्याच इंग्रजीत असतात. जिल्ह्यातून आलेले कुटुंब, पालिका शाळेतील मुले, निवृत्त गिरणी कामगार यांच्यापर्यंत त्या पोहोचत नाहीत. लालबाग-परळच्या गिरणगावाची गोष्ट तिथे आयुष्य काढलेल्या माणसाने त्याच्या भाषेत सांगितली, तर ती निराळी ठरेल. मराठीतील फेऱ्या होतात, पण तुलनेने कमी. नीलांबरी परवडणारी होती. तिची जागा घेणारे पर्याय अधिक माहितीपूर्ण असले, तरी चार माणसांच्या कुटुंबाला अनेकदा महाग पडतात.

फेरी निवडताना काय पाहावे?

- गट किती जणांचा आहे ते विचारावे. मोठ्या गटात मागच्यांना काही ऐकू येत नाही आणि अरुंद गल्लीत रहिवाशांची वाट अडते.
- गाइडकडे पर्यटन विभागाचा परवाना आहे का, किंवा त्याचा अभ्यासविषय काय, याची चौकशी करावी. फेरी कोणत्या भाषेत आहे हेही आधीच विचारावे.
- सरकारी इमारतींसाठी आगाऊ नोंदणी आणि ओळखपत्र लागते. उच्च न्यायालयासारख्या ठिकाणी छायाचित्रणावर निर्बंध असतात.
- वस्तीतील फेरीत लोकांची, विशेषतः मुलांची छायाचित्रे काढू नयेत. नियमात लिहिलेले नसले तरीही.
- खडकाळ किनाऱ्यावर पकड घेणारे बूट घालावेत, जीव उचलून पाहू नयेत आणि पाणी चढू लागले की मागे फिरावे.
- बोटीत बसण्यापूर्वी जीवरक्षक जॅकेट अंगावर असलेच पाहिजे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून झालेल्या दुर्घटनेत १५ जणांचा मृत्यू झाला. 'थोडेच तर जायचे आहे' ही सबब समुद्रात चालत नाही.

पुढे काय?

मुंबईत पाहण्यासारखे कमी नाही. मार्च २०२५ मध्ये मलबार हिलवर झाडांच्या शेंड्यांजवळून जाणारा उन्नत मार्ग खुला झाला आणि त्याला लोकांनी गर्दी केली. नवे काही उभे राहिले की लोक येतात, हे उघड आहे. अवघड काम आहे ते जुने टिकवण्याचे. ट्राम, ट्रॉलीबस, डिझेल दुमजली बस ही तिन्ही वाहने गेल्यावर शहराला त्यांची आठवण आली. सॅन फ्रान्सिस्कोचे नागरिक केबल कार बंद होण्यापूर्वी जागे झाले, एवढाच काय तो फरक.

वापरातून गेलेल्या गोष्टीची वारसा फेरी काढता येते, पण ती गोष्ट परत आणता येत नाही. धारावीतील भट्ट्या, ससून गोदीचा लिलाव, खाडीतील चिखल आणि हाजी अलीचे खडक आज वापरात आहेत, जिवंत आहेत. त्यांच्याबद्दलचे निर्णय येत्या काही वर्षांतच होणार आहेत. तोवर परवडणाऱ्या दरात आणि मराठीत ही मुंबई दाखवणारी सार्वजनिक सोय पुन्हा उभी राहिली, तर त्या निर्णयांवर बोलणाऱ्या मुंबईकरांची संख्याही वाढेल.